अग्नि, गोधन आणि आपली जमीन

माघ सरत आला, ज्वारीची काढणी उरकली आणि ऊसतोडीच्या टोळ्या फडांतून बाहेर पडल्या, कीं आमच्या सोलापूर जिल्ह्यांत रात्रीच्या वेळीं दूरवर अग्नीच्या रेषा दिसूं लागतात. कोठें पाचट पेटलेलें असतें, कोठें बांधावरचें वाळलेलें गवत, तर कोठें माळच्या माळ धडधडत असतो. सकाळीं काळी पडलेली जमीन पाहून कोणी म्हणतो, 'रान स्वच्छ झालें'; कोणी म्हणतो, 'राखेचें खत झालें'. या दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तीं फसवीं आहेत. शेतकऱ्याच्या हातीं नांगर येण्यापूर्वीं हजारों वर्षें अग्नि होता. पूर्वींच्या लोकांनीं त्या अग्नीकडून काय काय करून घेतलें, त्यांत काय मिळविलें आणि काय गमावलें, हें समजून घेतलें, तर आपण आज काडी ओढतों ती हिशेबांत बसते कीं नाहीं, हें आपलें आपणांस ठरवितां येईल. प्रस्तुत लेखाचा उद्देश एवढाच आहे.

नांगरापूर्वींचें अवजार

दख्खनमध्यें लोखंड वापरांत येऊन सुमारें तीन हजार वर्षें झालीं. त्यापूर्वीं माणसाजवळ दगडी कुऱ्हाड होती, तांब्याच्या थोड्या वस्तु होत्या, आणि अग्नि होता. दगडी कुऱ्हाडीनें एक मोठें झाड पाडावयास जेवढा वेळ लागे, तेवढ्यांत अग्नि सबंध उतार मोकळा करी. यास्तव अग्नि हेंच त्या काळचें सर्वांत मोठें अवजार होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याचे उपयोग मुख्यतः तीन. पहिला शिकारीसाठीं: जनावर हांकून काढणें व झुडुपें कमी करून नजर लांब पोंचेल असें करणें. दुसरा चाऱ्यासाठीं: जुनें, ताठर झालेलें गवत जाळलें म्हणजे त्याच ठोंबांतून कोवळा फुटवा येतो व जनावरें तिकडे ओढलीं जातात. तिसरा पेऱ्यासाठीं: झाडोरा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेंत धान्य टाकणें. सह्याद्रीच्या उतारांवर ही तिसरी पद्धत 'कुमरी' व 'दळी' या नांवांनीं अगदीं अलीकडच्या काळापर्यंत चालत असे. दोनतीन वर्षें पीक घ्यावयाचें आणि पुढें तो तुकडा अनेक वर्षें रानाच्या स्वाधीन करावयाचा, असा तिचा क्रम होता.

परदेशांतील एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. ऑस्ट्रेलियांतील मूळच्या रहिवाशांजवळ नांगर नव्हता आणि गुरेंहि नव्हतीं. तथापि ते रानाचे लहान लहान तुकडे आळीपाळीनें, ऋतु पाहून, बेताबेतानें जाळीत. त्यामुळें कोवळें गवत फुटे, कांगारू तेथें चरावयास येत, आणि कडक उन्हाळ्यांत मोठा वणवा पसरावा इतकें सलग वाळलेलें गवत कोठेंच उरत नसे. युरोपांतून गेलेल्या वसाहतवाल्यांस तो मोकळा, बागेसारखा प्रदेश निसर्गानेंच तसा घडविला असें वाटलें. पुढें १९६९ सालीं रीस जोन्स या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें या पद्धतीस 'अग्निकाष्ठाची शेती' अशा अर्थाचें नांव दिलें, आणि जी भूमि नैसर्गिक वाटत होती ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाची होती, हें जगाच्या ध्यानांत येऊं लागलें.

आपल्या प्राचीन ग्रंथांतहि या गोष्टीची आठवण राहिलेली आहे. शतपथ ब्राह्मणांत विदेघ माथव राजाची कथा आहे. सरस्वतीच्या तीरावरून वैश्वानर अग्नि पूर्वेकडे भूमि जाळीत निघाला आणि सदानीरा नदीपाशीं थांबला. नदीपलीकडील भूमि अग्नीनें न चाखल्यामुळें ओलसर व लागवडीस अयोग्य होती. पुढें तीहि लागवडीखालीं आली, असें ती कथा सांगते. महाभारतांतील खांडववनाचें दहन तर सर्वांच्या परिचयाचें आहे. इरावतीबाई कर्वे यांनीं 'युगांत' या १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यामागें जमीन मोकळी करण्याचा हेतु पाहिला, आणि त्यांत झालेल्या संहाराकडेहि त्यांनीं डोळेझांक केली नाहीं. उलटपक्षीं कौटिल्याचें अर्थशास्त्र पाहावें. त्यांत कुरण, शेत, खळें, घर अथवा राखीव वन यांस आग लावणाऱ्यास अग्नींतच जाळावें, अशी भयंकर शिक्षा सांगितली आहे. जोंवर रान अमाप होतें तोंवर अग्नि हा भूमीचा दाता होता. रानाला हद्दी पडल्या, मालक झाले, तेव्हां तोच अग्नि अपराध ठरला. अग्नि बदलला नाहीं. माणूस व जमीन यांचें प्रमाण बदललें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे.

राखेचे ढीग

आतां आपल्या शेजारचेंच उदाहरण पाहूं. अक्कलकोट तालुक्याची हद्द ओलांडून कलबुर्गी जिल्ह्यांतून दक्षिणेस भीमा उतरून गेलें, म्हणजे भीमा व कृष्णा यांच्या मधला शोरापूरचा दुआब लागतो. तेथपासून रायचूर, बळ्ळारीपर्यंत आणि कृष्णेकांठच्या तेलंगणाच्या भागांत ठिकठिकाणीं राखेचे जुने ढीग आढळतात. कांहीं पुरुषभर, तर कांहीं त्याहूनहि बरेच उंच आहेत. कोठें राख भुसभुशीत आहे, तर कोठें अति उष्णतेनें वितळून कांचेसारखी अथवा लोहाराच्या भट्टींतील कीटासारखी झाली आहे. एका गांवाचें नांवच बूदिहाळ आहे. कानडींत 'बूदि' म्हणजे राख, हें आमच्या सीमेवरील वाचकांस सांगावयास नकोच.

हे ढीग कशाचे, याविषयीं पुष्कळ तर्क झाले. लोक म्हणत, ही राक्षसांच्या चितेची राख. हंपीजवळचा एक ढीग तर वालीच्या दहनाची जागा म्हणून दाखविण्यांत येई. कोणास ते ज्वालामुखीचे अवशेष वाटले, कोणास भट्ट्यांचे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत हें शेण असावें व तें नवाश्मयुगांतील लोकांचें असावें, असें अनुमान केलें. लंडनचे प्रोफेसर झॉयनर यांनीं १९६० च्या सुमारास राख सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासून शेणाची गोष्ट पक्की केली. त्याच सुमारास, १९५७ सालीं, ऑल्चिन या संशोधकानें उटनूर येथें उत्खनन केलें. त्यांत लांकडी खांबांच्या कुंपणाचे वाडे आढळले, राखेचे एकावर एक थर आढळले, आणि कांहीं थरांत गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले सांपडले. वाडा बांधावयाचा, त्यांत गुरें कोंडावयाचीं, शेण सांचूं द्यावयाचें, आणि कधींतरी तें सर्व पेटवून द्यावयाचें. पुन्हां त्याच जागीं वाडा, पुन्हां शेण, पुन्हां अग्नि, असा हा क्रम शेंकडों वर्षें चालला.

पुढें १९९० च्या दशकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनीं बूदिहाळ येथें विस्तृत उत्खनन केलें. तेथें ढिगाशेजारीं माणसांची वस्ती, गुरांचा वाडा व जनावरें कापण्याची जागा हीं सर्व मिळालीं. त्यावरून हे केवळ वाटसरू गुराख्यांचे तळ नसून नांदतीं गांवें होतीं, हें स्पष्ट झालें. या राखेच्या संस्कृतीचा काळ स्थूलमानानें इ. स. पूर्व ३००० ते १२०० असा धरण्यांत येतो. हे लोक केवळ गुरेंच पाळीत असें नव्हे. हुलगा, मूग व बारीक भरडधान्यें यांचे जळके दाणे त्यांच्या वस्त्यांत सांपडले आहेत. म्हणजे हे आपल्यासारखेच कोरडवाहू मुलखांतील, गुरें राखणारे व धान्य पेरणारे लोक होते.

मग त्यांनीं इतकें शेण जाळलें कां? या प्रश्नास अभ्यासकांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. कोणी म्हणतात, गोमाशी, गोचीड व गुरांचे रोग यांचा नायनाट व्हावा म्हणून. कोणी म्हणतात, वाडे चुकून पेटले असावेत. परंतु इतक्या वेळां व इतक्या ठिकाणीं चूक होणें संभवत नाहीं. ऑल्चिन यांनीं याचा संबंध ऋतूंच्या सणांशीं जोडला. आपल्याकडे आजहि होळीसाठीं पोरें घरोघर गोवऱ्या मागत फिरतात, आणि दक्षिण कर्नाटकांत संक्रांतीच्या दिवशीं सजविलेलीं गुरें पेटत्या पेंढ्यावरून हांकून नेतात. गोधन व अग्नि यांची ही जोडी फार जुनी आहे, यांत संशय नाहीं. आम्हांस वाटतें, स्वच्छता, सण व आपल्या वस्तीची खूण हे तिन्ही हेतु एकाच अग्नींत मिसळलेले असावेत. शेतकऱ्याच्या घरीं एका कामाचे असे अनेक अर्थ असतातच.

जळलें काय आणि उरलें काय

आतां या ढिगाकडे पुराणवस्तुसंशोधकाच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहूं. वाळलेलें शेण जळतें तेव्हां त्यांतील सेंद्रिय कर्ब व जवळजवळ सर्व नत्र वायुरूपानें निघून जातें, व गंधकाचाहि बराच भाग जातो. मागें राहतें तें मुख्यतः वाळूचें द्रव्य, चुना, स्फुरद व पालाश. पैकीं पालाश पाण्यांत सहज विरघळतो, म्हणून उघड्या राखेंतून पावसाबरोबर तोहि वाहून जातो.

एक ढोबळ हिशेब मांडूं. शंभर गुरांचा वाडा धरा. एका जनावराचें दिवसाचें ओलें शेण सरासरी १० किलो. त्यांतलें निम्में रात्रीं वाड्यांत पडलें, तर रोज ५०० किलो व वर्षास सुमारें १८० टन ओलें शेण सांचेल. वाळल्यावर त्याचा पांचवा हिस्सा, म्हणजे ३६ टन, उरेल. वाळलेल्या शेणांत शेंकडा दीड नत्र धरलें, तर त्यांत ५४० किलो नत्र आलें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर युरियाच्या ४५ किलोच्या २६ गोण्या दरवर्षीं आकाशांत गेल्या. आणि नत्राची किंमत गोण्यांनीं मोजतां तरी येते. मातीस धरून ठेवणारा, ओल राखणारा जो सेंद्रिय भाग गेला, त्याची गोणी बाजारांत मिळत नाहीं. हे आंकडे आमच्या अंदाजाचे आहेत. गुरांची जात व चारा यांप्रमाणें ते कमीजास्त होतील, परंतु निष्कर्ष बदलणार नाहीं.

याहूनहि महत्त्वाची एक गोष्ट आहे. हें शेण आलें कोठून? दिवसभर कोसकोस रान फिरून गुरांनीं गवत खाल्लें आणि त्या रानाचें सत्त्व पोटांत घालून सायंकाळीं वाड्यांत आणिलें. म्हणजे शिवाराच्या चारी दिशांचें सत्त्व एका जागीं गोळा झालें. तेथें अग्नीनें त्यांतला मोठा भाग आकाशांत उडविला व उरलेला एका ढिगांत कोंडला. आज चार हजार वर्षांनंतर तो ढीग उभा आहे. म्हणजे त्या काळच्या माळाचें स्फुरद व चुना अजून घरीं परत गेलेला नाहीं. राखेचा ढीग म्हणजे न फेडलेल्या कर्जाचें खातेंच होय.

तथापि त्या लोकांस मूर्ख म्हणण्याचें कारण नाहीं. माणसें थोडीं, जमीन अमाप. एक रान थकलें तर दुसऱ्यांत गुरें घालावीं. जें संपण्याची भीति नव्हती, त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसतें. आपणांस ती सवलत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील धनगरांकडे पाहावें. सांगोला, माळशिरस या भागांतील मेंढपाळ माळावर मेंढरें चारतात आणि रात्रीं शेतकऱ्याच्या रानांत बसवितात. त्याबद्दल शेतकरी त्यांस धान्य अथवा पैका देतो. येथेंहि रानाचें सत्त्व पोटांत घालून एका जागीं आणलेलें आहे, परंतु तें जळत नाहीं, मातींत जातें. राखेच्या लोकांनीं जें अर्धें साधलें, तें धनगरानें पुरें साधलें.

गोवऱ्यांचा प्रश्नहि याच खात्यांतला. इंग्लंडचे कृषिरसायनज्ञ डॉ. व्होल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत शेण जाळण्याची हानि दाखविली, पण दोष मात्र शेतकऱ्यावर ठेविला नाहीं. जळणास लांकूड मिळत नाहीं म्हणून शेण चुलींत जातें. यास्तव जळणाचीं झाडें लावा, असें त्यांनीं सांगितलें. आज कित्येक घरांत गॅस आला आहे. तरीहि जेथें गोवऱ्यांचे हुडवे रचले जातात, तेथें घराबाहेर एक लहानसा राखेचा ढीगच वाढत असतो, हें विसरूं नये.

माळ कोणी केला?

आमच्यापैकीं पुष्कळांची समजूत अशी आहे, कीं सोलापूरचा माळ म्हणजे पूर्वींचें घनदाट अरण्य तोडून, जाळून उजाड झालेली जमीन. ही समजूत तपासून घेतली पाहिजे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतील जुन्या मातीच्या पृथक्करणावरून असें दिसतें, कीं उष्ण प्रदेशांतील गवतांचा विस्तार आपल्या उपखंडांत ७० ते ८० लक्ष वर्षांपूर्वींच झाला. त्या वेळीं मनुष्य नव्हता. शिवाय जुन्या मराठी वाङ्मयांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून, दख्खनचा गवताळ व विरळ काटेरी झाडांचा माळ निदान साडेसातशें वर्षांचा जुना आहे, असें अभ्यासकांनीं २०२५ सालीं दाखवून दिलें आहे. सह्याद्रीच्या पाठीमागें पडणारा थोडा पाऊस, काळ्या खडकावरचा उथळ मुरूम, आणि चरणारीं जनावरें यांनीं हा माळ घडविला. माणसानें तो निर्माण केला नाहीं. गुरें, कुऱ्हाड व अग्नि यांच्या योगानें त्यानें तो कोठें वाढविला, कोठें मोकळा राखला, असें मानण्यास जागा आहे.

माळावरच्या वनस्पतींस अग्नीची जुनी ओळख आहे, याचा पुरावा धोतराला चिकटतो. कुसळी गवताचें कुसळ ओल लागतां पिळ सोडतें व वाळतां पुन्हां पिळ घेतें. या हालचालीनें त्याचें टोंकदार बीं मातींत शिरतें. वरून वणवा गेला तरी मातींतलें बीं वांचतें. पळस जळला तरी मुळापासून पुन्हां फुटतो. म्हणून वणव्यानंतर माळ मेला असें दिसलें तरी तो मरत नाहीं. परंतु दरसाल जाळलें तर काय होतें? मारवेलासारखीं गोड, गुरांस आवडणारीं गवतें मागें पडतात व कुसळीचें राज्य होतें. ही कुसळें मेंढरांच्या लोंकरींत व कातडींत रुततात. म्हणजे चारा वाढावा म्हणून लावलेला अग्नि अखेर चाऱ्याची प्रतच उतरवितो.

माळ हा निरुपयोगी नाहीं, हेंहि यावरून कळावें. नान्नजचें माळढोक अभयारण्य १९७९ सालीं झालें तें या गवतासाठीं व त्यावर जगणाऱ्या जीवांसाठीं. माळढोक पक्षी आज तेथें क्वचितच दिसतो. तो जमिनीवर उघड्यावर अंडें घालतो, हें ज्यास ठाऊक आहे, तो विणीच्या दिवसांत माळांत काडी टाकणार नाहीं.

राबाचा धडा

सर्वच अग्नि वाईट, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. मावळांत व कोंकणांत भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजतात, त्यास राब म्हणतात. शेण, पालापाचोळा, फांद्या व गवत यांचे थर पसरून, वर थोडी माती घालून, वैशाखांत तो भाजतात. सरकारी वनें झालीं तेव्हां या राबाच्या फांद्यांवरून मोठा वाद माजला, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारी ऐकण्यासाठीं १८८५ सालीं मुंबई सरकारास वनआयोग नेमावा लागला. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ सालीं तो प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेचा नव्हे. माती तापल्यानें तणाचें बीं मरतें, आणि रोपास लागणारें अन्न मातींतून सहज विरघळेल अशा रूपांत मोकळें होतें.

येथें अग्नि कसा वापरला आहे तें पाहावें. जागा लहान, फक्त वाफ्यापुरती, वेळ ठरलेली, आणि लगेच त्या जागीं दाट पीक उभें राहणार. बाकी सबंध खाचर अग्नीस शिवतहि नाहीं. अर्थात् फांद्या डोंगरावरून येतात, म्हणून डोंगराच्या खात्यावर तो खर्च पडतोच. तरीहि हा मापाचा अग्नि आहे.

याच कानिटकरांचें नांव पुढें सोलापूरशीं जोडलें गेलें, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट होय. १९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें, त्या कामांत त्यांनीं मोठा भाग घेतला. उघड्या जमिनीवरून पावसाच्या पाण्याबरोबर किती माती जाते व झांकलेल्या जमिनीवरून किती, याचीं मोजमापें या केंद्रावर झालीं, आणि बांधबंदिस्ती व आच्छादन यांचें महत्त्व त्यांतून सिद्ध झालें. ज्या गृहस्थांनीं अग्नीचा गुण मोजला, त्यांनींच उघड्या मातीचें नुकसानहि मोजलें.

काडी ओढण्यापूर्वींचे तीन प्रश्न

वरील सर्व उदाहरणांतून आम्हीं तीन प्रश्न काढले आहेत. पहिला: जाळल्यानंतर या जमिनीस विसांवा किती मिळणार? कुमरीवाला अनेक वर्षें देई. दुसरा: पुढला पाऊस पडेल तेव्हां या मातीवर पांघरूण काय असेल? राबांत रोपें असतात. तिसरा: हा अग्नि माझ्या हद्दींत थांबेल काय? ऑस्ट्रेलियांतले लोक लहान तुकडे जाळीत ते यासाठींच.

आतां उसाच्या पाचटास हे प्रश्न लावून पाहूं. विसांवा मुळींच नाहीं. खोडवा लगेच फुटावयाचा आहे. पांघरूण होतें तेंच जाळलें. उन्हाळा सबंध माती उघडी तापणार, आणि रोहिणीमृगाचा पहिला जोरदार पाऊस थेट तिच्यावर आपटणार. हद्दीविषयीं आम्हीं काय सांगावें? आम्हीहि अनेक वर्षें पाचट पेटवीत आलों. एका वर्षीं दुपारीं वारा फिरला. आमच्या बांधावरचीं दोन लिंबाचीं झाडें होरपळलीं, आणि शेजाऱ्याच्या ठिबकाच्या नळ्या वितळून गेल्या. भरपाई दिली, शेजारधर्म कसाबसा टिकला. पण लिंबांची सावली पुन्हां यावयास आमचें उरलेलें आयुष्य पुरणार नाहीं. त्या दिवसापासून आम्हीं पाचटास काडी लावली नाहीं.

लाभहानीचा आंकडा असा. एकरी सुमारें तीन ते चार टन पाचट निघतें. त्यांत नत्र शेंकडा अर्धा धरलें तर १५ ते २० किलो होतें, पालाश त्याहून अधिक असतो, आणि सेंद्रिय कर्ब तर टनाच्या वर भरतो. आग लावल्यानें नत्र व कर्ब जातो, राखेंतला पालाश पहिल्या पाण्यास वाहूं शकतो. लाभ म्हणाल तर दोन दिवसांची मजुरी वांचते.

पाचट राखण्याची रीत अवघड नाहीं. तोडणी होतांच उसाचे बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानें छाटावे, म्हणजे फुटवे खालून जोमदार येतात. पाचट सरींत सारखें पसरावें. पाणी देण्यास अडचण वाटल्यास एक सरी मोकळी सोडून एकाआड एक सरींत दाबावें. यंत्र मिळत असल्यास कुट्टी करून घ्यावी. दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारें जिवाणूखत टाकावें, आणि हलकें पाणी द्यावें. युरिया घालण्याचें कारण असें, कीं पाचटांत कर्ब फार व नत्र थोडें. कुजविणारे जीव आपल्या वाढीसाठीं मातींतलें नत्र उचलतात, आणि तें आधीं पुरविलें नाहीं तर खोडवा पिंवळा पडतो. पुष्कळ शेतकरी पाचट ठेवून निराश होतात तें याच चुकीमुळें. पहिल्या वर्षीं उंदीर वाढल्याची व पाणी हळू जात असल्याची तक्रार येते. ती खरी आहे, व तिचा बंदोबस्त करावाच लागतो. मात्र उन्हाळ्यांत दोन पाळ्यांमधलें अंतर वाढवितां येतें, हा फायदा पाण्याच्या टंचाईच्या आपल्या जिल्ह्यांत लहान नव्हे. रोगट बुडखे उपटून, बाजूस नेऊन जाळणें ही गोष्ट वेगळी; तो मापाचा अग्नि आहे.

बांधावरच्या गवताविषयींहि हेंच. तें कापून गुरांस घालावें, अथवा आच्छादनास वापरावें. बांधाचीं मुळें व बांधाची माती एकमेकांस धरून असतात; दरसाल बांध भाजणारा शेतकरी आपल्याच बंदिस्तीस भोंक पाडीत असतो.

सारांश

अग्नि हा मनुष्याचा पहिला नोकर. त्यानें रानें मोकळीं केलीं, कुरणें हिरवीं केलीं, गोधन पोसलें. त्याच्यावांचून शेतीचा आरंभ झाला नसता. परंतु या नोकराचा पगार जमीन देते. ज्या काळीं जमीन अमाप होती त्या काळीं तो पगार कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. बूदिहाळच्या लोकांनीं तो ढिगावर ढीग रचून मागें ठेविला, म्हणून तरी आपणांस तो आज वाचतां येतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस त्या बाजूस जाण्याचा प्रसंग येईल, त्यांनीं एकदां तो ढीग अवश्य पाहावा, मूठभर राख हातांत घ्यावी, आणि आपल्या फडांतल्या पाचटाची आठवण करावी. चार हजार वर्षांपूर्वींचा तो गुराखी आपणांस एवढेंच सांगेल, कीं मी जाळलें, कारण माझ्यापुढें दुसरें रान होतें. तुमच्यापुढें काय आहे?